निळ्या फुलाचा पंचनामा

आमचे घरमालक स्वतःच्या घरात शिरतानाही तीनदा पुकारा करून शिरत. दाराशी उभे राहायचे, घसा खाकरायचे आणि बायकोचं नाव खणखणीत आवाजात तीन वेळा घ्यायचे. त्या काळी नवऱ्यानं बायकोला चारचौघांत 'अगं' म्हणणंही धीटपणाचं होतं. इथे तर अख्ख्या गल्लीला काकूंचं नाव पाठ होतं. तिसऱ्या हाकेला काकू आतून म्हणत, "आहे, आहे. पळून नाही गेले." मग मालक जोडे काढून आत येत.

ते उभा जन्म नगरच्या कोर्टात बेलिफ होते. समन्स बजावायचं, निकाल लागला की जप्ती आणायची, हे त्यांचं काम. मी लग्न होऊन माळीवाड्याजवळच्या त्यांच्या घरात बिऱ्हाड मांडलं तेव्हा त्यांना पेन्शनीत निघून बरीच वर्षं झाली होती, पण अंगातलं कोर्ट काही गेलं नव्हतं. नगरच्या वैशाखातही धोतरावर काळा कोट असायचा. गल्लीतल्या पोरांचा चेंडू अंगणात पडला की तो जप्त व्हायचा, आणि दोन साक्षीदारांसमोर चेंडू ओळखल्याशिवाय मिळायचा नाही. साक्षीदारांना ते पंच म्हणत. पंचांशिवाय त्यांचं पान हलत नसे.

एकदा माझा परकर दोरीवरून उडून त्यांच्या कुंडीवर जाऊन बसला. मालकांनी तो काठीनं उचलून खुंटीला लावला. संध्याकाळी आमचे हे शाळेतून शिकवून आले तसं त्यांना दोन शेजाऱ्यांसमक्ष उभं केलं आणि विचारलं, "मास्तर, ही चीज तुमच्या कुटुंबाची आहे, हे तुम्ही ओळखता काय?" हे ओळखतो म्हणाले असते तरी पंचाईत, नाही म्हणाले असते तरी पंचाईत. हे नुसतेच लाल झाले. शेवटी काकू आतून ओरडल्या, "अहो, द्या तो पोरीला! तुम्ही काय नेसणार आहात का?" तेव्हा कुठे परकर सुटला. त्यानंतर मी वाळत घातलेल्या कपड्यांना दोन-दोन गाठी मारायला लागले.

त्यांच्या या स्वभावाची कीर्ती तालुक्या-तालुक्यांत होती. पाथर्डीकडे म्हणे आया पोरांना 'बेलिफ आला' म्हणून झोपवत. ते स्वतः मात्र एकच गोष्ट सांगायचे, आणि ती सांगताना ताठ बसायचे. शनीच्या शिंगणापुरात एका असामीवर समन्स बजावायचं होतं. माणूस घरी नसला तर समन्स त्याच्या दाराला चिकटवावं, असा नियम. आणि शिंगणापुरात तर घराला दार लावायचीच रीत नाही. मालक खळीचं भांडं आणि कागद घेऊन नुसत्या चौकटीपुढे उभे.

शेजारचा म्हातारा म्हणाला, "आवो सायेब, आमच्या गावात कुनाच्याच घराला दार न्हाई. लावा की भितीला."

"नियमात भिंत नाही. दार आहे."

"नियमात आसंल. गावात न्हाई."

मालकांनी विचार केला. मग ते स्वतःच चौकटीत जाऊन उभे राहिले, समन्स छातीशी धरून. जेवायला हलले नाहीत. त्या घरची बाई पाण्याला जाता-येता त्यांच्या बगलेखालून वाकून ये-जा करत होती. दिवस मावळायला असामी शेतातून आला आणि म्हणाला, "जरा सरका की पावनं, आत जायाचं हाय." मालक म्हणाले, "आधी वाच." तो म्हणाला, "मला वाचाय येत न्हाई." मग मालकांनी समन्स मोठ्यानं वाचून दाखवलं, त्याचा अंगठा घेतला आणि मगच चौकट सोडली. "त्या दिवशी," ते आम्हाला सांगत, "मी दार होतो." यात हसण्यासारखं काही आहे असं त्यांना मरेपर्यंत वाटलं नाही.

असा माणूस फुलांच्या नादाला लागला यात दोष काकूंच्या माहेराचा. काकूंचे वडील पाचगणीला एका पारशाच्या बंगल्यावर माळी होते. त्या बंगल्याभोवती हायड्रेंजियाची झुडपं होती आणि पावसाळ्याच्या तोंडाला त्यांना नारळाएवढे निळे गुच्छ यायचे. काकू सासरी निघाल्या तेव्हा वडिलांनी एक फांदी ओल्या फडक्यात गुंडाळून कळशीत ठेवून दिली. नगरच्या उन्हात ती जगली हेच नवल. मालकांनी तिला उत्तरेच्या भिंतीच्या सावलीत ठेवलं, दुपारी वर गोणपाट टाकलं, रोज पाणी घातलं. पुढे फूल आलं. ते गुलाबी होतं.

"नगरला आल्यावर सगळ्यांचाच रंग बदलतो," नव्या नवरीनं म्हटलं. ती थट्टा होती. पण बेलिफाशी थट्टा करायची नसते. मालकांनी तिथल्या तिथे शब्द दिला की हे फूल तुझ्या माहेरी होतं तसं निळं करून दाखवीन. तेव्हापासून एका कुंडीच्या सात कुंड्या झाल्या आणि दरवर्षी, बिनचूक, सातही कुंड्यांत गुलाबी फुलं आली.

फूल उमललं की पंचनामा व्हायचा. पंचांत एक आमचे हे, एक समोरचे किराणावाले, आणि मुख्य पंच रंगरेज चाचा. चाचांचं लुगडी-पागोटी रंगवायचं दुकान कोपऱ्यावर होतं आणि रंगाच्या बाबतीत त्यांचा शब्द अख्ख्या कापडबाजारात चाले. कोपरापर्यंतचे त्यांचे हात कायम निळे असत. चाचा फुलापुढे उकिडवे बसायचे, एक डोळा मिटायचे आणि म्हणायचे, "बेलिफसाब, ये तो प्याजी है. निळ्याचा कुठं पत्ता नाही." एखाद्या वर्षी प्याजी, म्हणजे कांद्याच्या सालीचा रंग, एखाद्या वर्षी गुलाबी, एकदा नुसतंच "फिका, बहोत फिका." मालक मान हलवायचे, "पंचांचं मत ऐकलं" म्हणायचे आणि त्या दिवशी जेवायचे नाहीत.

उपाय त्यांनी सगळे केले होते. कॅम्पातल्या एका साहेबाच्या माळ्यानं सांगितलं की माती आंबट असली आणि तिला तुरटी मिळाली की हे फूल निळं होतं. झालं. तुरटी कुटून मातीत गेली. आंबट म्हणून ताक गेलं, लिंबं गेली, गंजके खिळे आणि पलटणीच्या घोड्यांचे जुने नालसुद्धा गेले. माती आंबट झाली की नाही हे बघायला मालक रोज सकाळी प्रत्येक कुंडीतली चिमूटभर माती जिभेवर ठेवत. चहाच्या आधी. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, लढाईमुळे या घरात साखरेइतकीच धान्याचीही टंचाई आहे.

एवढं करून फूल गुलाबीच, कारण पाणी विहिरीचं. आमच्या विहिरीच्या मचूळ पाण्यात साबणाला फेस येत नसे आणि तुरीची डाळ सकाळी चुलीवर ठेवली तर दुपारी दाताखाली कचकन लागायची. भांड्याला चुन्याचा पांढरा थर बसायचा. आंबटाला मारायला चुन्यासारखं दुसरं औषध नाही, हे सांगायला माळी कशाला हवा? मी एकदा मालकांना म्हटलं, "प्यायला नळावरनं आणतो ते गोडं पाणी घालून बघा ना कुंड्यांना."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी म्युनिसिपालिटीची तिजोरी फोडायला सांगत होते. "सूनबाई, नळ सार्वजनिक आहे. माणसांनी पिण्यासाठी आहे. खाजगी फुलाला सार्वजनिक पाणी म्हणजे अपहार."

"घागरभर पाण्याचा?"

"अपहाराला माप नसतं."

काकू आतून म्हणाल्या, "नको नादी लागू त्यांच्या. दगडाला पाझर फुटेल एक वेळ."

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण मी त्या घरात राहायला गेले त्याच वर्षी काकूंचे डोळे जायला लागले होते. दोन्हींत मोतीबिंदू. आधी सुईत दोरा जाईना, मग ताटातले खडे दिसेनात. मचूळ पाण्यात डाळ कशी शिजवायची, भाकरी कशी थापायची हे मला शिकवणारी बाई एके दिवशी भाकरी समजून तव्यावर तळहात टेकवून बसली. तोंडातून आवाज नाही काढला. हाताला तूप लावत मला म्हणाल्या, "यांना सांगू नको. तव्यावर जप्ती आणतील." मी आमच्या खोलीत येऊन रडले. माझी आई लहानपणीच गेली होती आणि काकूंमध्ये मला ती सापडत होती, हे उघडच सांगते.

मिशनच्या दवाखान्यातल्या मडमीण डॉक्टरणीनं तपासून सांगितलं होतं की मोतीबिंदू पिकलाय, आत्ता काढला तर दिसेल. "फार लांबवलंत तर मग माझ्या हातात काही राहायचं नाही," ती म्हणाली. काकू तयार होईनात. त्यांच्या वडिलांचे डोळे एका फिरत्या वैदूनं सुई घालून घालवले होते. आयुष्यभर फुलं वाढवलेला माणूस शेवटी बंगल्याच्या पायरीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायचा, "यंदा रंग कसा आलाय हो?" ते काकूंनी पाहिलं होतं. "उरलंय तेवढं अंधुक मला पुरे," त्या म्हणायच्या.

मालक रोज विषय काढायचे आणि काकू रोज टाळायच्या. एक दिवस त्या वैतागून म्हणाल्या, "बरं, जाते. तुमचं ते फूल निळं होऊ दे, त्या दिवशी जाते डोळा कापायला. तोवर बघण्यासारखं आहे काय या घरात?"

दुसऱ्या कुणालाही कळलं असतं की हा नकार आहे. नगरच्या मातीत ते फूल निळं होणार नाही हे काकूंना ठाऊक होतं, म्हणून तर ती अट. मालक मात्र उठून उभे राहिले. "अट पंचांसमक्ष सांग," म्हणाले. आम्हाला बोलावलं, चाचांना दुकानातून बोलावलं. काकूंनी कपाळाला हात लावून अट पुन्हा सांगितली. "अट मंजूर," मालक म्हणाले आणि दुसऱ्या दिवसापासून माती चाखणं दोनदा सुरू झालं, सकाळ-संध्याकाळ.

तो उन्हाळा मला आठवतो. भुईकोट किल्ल्यात मोठमोठे पुढारी कोंडलेले होते, कॅम्पातले रणगाडे रस्त्यानं घरघरत जायचे, दुकानात रॉकेल नव्हतं आणि शहर या सगळ्याच्याच गोष्टी कुजबुजत होतं. आमच्या घरात प्रश्न एकच. यंदा निळं येणार का?

नाही आलं. चाचांनी एक डोळा मिटला आणि म्हणाले, "गुलाबी. पक्का." मालकांचा चेहरा पडला तो मला पाहवेना. काकू ओसरीवर बसून ऐकत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर सुटका झाल्याचा भाव होता आणि मला त्यांचा रागही आला.

त्या संध्याकाळी मी आणि चाचांनी मालकांना गाठलं. चाचा हळू आवाजात म्हणाले, "बेलिफसाब, एक बात बोलू? फूल मला द्या. नीळ घालून एक डुबकी देतो. असला आस्मानी काढतो की पाचगणीवाले बघत राहतील. भाभींना तसंही धड दिसत नाही."

"म्हणूनच नाही," मालक म्हणाले.

मी म्हटलं, "मालक, काकूंच्या डोळ्यांसाठी. एवढंसं खोटं."

त्यांनी कोटाचं वरचं बटण लावलं. मग म्हणाले, "सूनबाई, तिला दिसत नाही, म्हणून मला दिसतं ते खोटं करायचं? खोट्या समन्सवर माणूस कोर्टात आला तरी ती हजेरी धरत नाहीत."  त्या माणसाला बायकोचे डोळे हवे होते, अगदी जिवाच्या आकांतानं हवे होते, आणि तरी ते चौकट सोडायला तयार नव्हते. मला त्यांचे पाय धरावेत असं वाटलं आणि डोक्यात काठी घालावी असंही वाटलं.

सातव्या कुंडीबद्दल सांगायचं राहिलं. तिला तडा गेला होता आणि झाड मरणार म्हणून मालकांनी त्याच सुमारास ते निकाली काढलं होतं. ती कुंडी मागच्या अंगणात, मोरीच्या कोपऱ्याला सरकवून ठेवली होती. तिला तुरटी नव्हती, लिंबू नव्हतं, विहिरीचं पाणीही कुणी घालत नव्हतं. तिची माती चाखली जात नव्हती, हेही तिच्या पथ्यावर पडलं असेल.

पुढचा उन्हाळा आला. काकूंना तोवर माणूस फक्त सावलीसारखा दिसायचा. ज्येष्ठातल्या एका सकाळी मी मागच्या अंगणात घागर विसळायला गेले आणि हातातली घागर तशीच राहिली. तडकलेल्या कुंडीत गुच्छ आला होता. निळा. चाचांच्या दुकानाच्या दोरीवर नवं लुगडं वाळत घालतात तसा निळा. माझ्या मनात पहिला विचार आला तो चाचांचा.

मालकांच्या मनातही तोच आला. त्यांनी फुलावर पाणी शिंपडलं, पाकळी पांढऱ्या रुमालावर घासली, रुमाल उजेडात धरला. रुमाल पांढराच. मग चाचांना बोलावून उभं केलं. "हात दाखवा." चाचांनी हात पुढे केले. कोपरापर्यंत निळे.

"हे काय?"

"बेलिफसाब, हे तीस बरसांपासून असेच आहेत!"

"ते खरं आहे," मालक म्हणाले, पण संशय गेला नाही. गुच्छाच्या खाली एक कळ्यांचा झुपका अजून मिटलेला होता, हिरवट. मालकांनी त्याच्यासमोर पाट टाकला आणि काठी घेऊन बसले. तिथेच जेवले, तिथेच डुलक्या काढल्या. नैसर्गिक विधीला जाताना आमच्या ह्यांना पाटावर बसवून जायचे. तो झुपका त्यांच्या डोळ्यांदेखत उमलत गेला आणि जसजसा उमलला तसतसा निळा होत गेला. मालक पाटावरून उठले ते गुडघे धरून.  पुढच्या दाराशी गेले आणि तिथून तीनदा काकूंचं नाव घेतलं, असं की कोपऱ्यावरच्या दुकानातून चाचा धावत आले.

पंच जमले. चाचांनी या वेळी दोन्ही डोळे उघडे ठेवले. "आस्मानी," म्हणाले. "अल्लाकसम, आस्मानी."

काकू म्हणाल्या, "खोटं."

"पंच आहेत," मालक म्हणाले.

"पंच तुमचेच. हा तुमचा भाडेकरू, तो तुमचा दोस्त. सगळे एक झालात तुम्ही. आंधळी बाई बघितली आणि गुंडाळताय."

मी म्हटलं, "काकू, तुमची शपथ, निळं आहे."

"तू तर त्यांची सूनबाई."

मालक चिडले नाहीत. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्यावर खोटेपणाचा आरोप झाला होता आणि ते शांतपणे म्हणाले, "पंच मान्य नसतील तर तू स्वतः बघून खात्री कर."

"कशानं बघू? कपाळानं?"

 काकूंनी फुलाच्या दिशेनं हात केला, चाचपडून गुच्छ शोधला, पाकळ्यांवर बोटं फिरवली. बोटांना रंग कळत नाही. मग त्या म्हणाल्या, "ठीक आहे. येते दवाखान्यात. पण दिसायला लागलं आणि ते गुलाबी निघालं तर मी तुमच्या अब्रूचा पंचनामा करीन, वेशीपर्यंत ऐकू जाईल असा."

"मंजूर," मालक म्हणाले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते त्यांनी पुसलं नाही, कारण काकूंना दिसणार नव्हतं.

त्या वेळी मोतीबिंदू काढणं म्हणजे दिव्य होतं. डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या, डोळ्यांवर पट्ट्या, आणि दिवसच्या दिवस उताणं पडून राहायचं, खोकायचंही नाही. मालक खाटेशेजारी बसून असायचे, कोट घालून. रोज सकाळी घरी येऊन फूल बघायचे, परत जाऊन सांगायचे, "आजही निळं आहे." काकू ओठ न हलवता म्हणायच्या, "सांगणाराही तुम्हीच." भिंगाचा जाड चष्मा मिळून त्या घरी आल्या तेव्हा गुच्छ थोडा मलूल झाला होता, पण रंग टिकून होता.

टांग्यातून उतरल्या त्या थेट मागच्या अंगणात. मालकांनी उन्हात त्यांच्यावर छत्री धरली. पंच भिंतीला लागून उभे. काकूंनी फुलाकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं. मग म्हणाल्या, "निळं आहे."

मालकांनी श्वास सोडला.

काकू भिंतीकडे वळल्या. "भिंतही निळी आहे." नवऱ्याकडे वळल्या. "अहो, तुमचं धोतर निळं आहे! कुणी नीळ घातली एवढी?"

मोतीबिंदू काढला की सुरुवातीला कित्येकांना सगळंच निळसर दिसतं, असं डॉक्टरणीनं मग सांगितलं. पुढे जातं ते. चाचा म्हणाले, "जाऊ द्या ना बेलिफसाब, जिंकलात." पण मालकांनी मान हलवली. जिला धोतर निळं दिसतं तिची फुलाबद्दलची साक्ष धरता येत नाही, असं त्यांचं मत पडलं. चाळीस वर्षं ज्या शब्दाची वाट पाहिली तो शब्द त्यांनी नियमात बसत नाही म्हणून नाकारला. काकू हसत सुटल्या, चष्मा काढून डोळे पुसत हसत सुटल्या. डोळ्यांना ताण नको म्हणून मलाच त्यांना गप्प करावं लागलं.

आता फूल निळं का झालं ते. काकू घरी आल्यावर काही दिवसांनी पुन्हा कामाला लागल्या. तांब्या-पितळेची भांडी चिंचेनं घासायची ही त्यांची जुनी हौस. डोळे गेल्यावर भांडं चकाकलं की नाही ते दिसेना, म्हणून त्या चिंच दुप्पट घ्यायच्या आणि बोटाखाली चरचर वाजेपर्यंत घासायच्या. नळाचं पिण्याचं पाणी गढूळ असायचं. त्यात तुरटी फिरवून ते निवळवायचं, वरचं प्यायचं आणि तळाशी उरलेल्या त्याच पाण्यानं ही भांडी विसळायची. मचूळ पाण्यानं डाग पडतात ना. एके दिवशी चष्मा लावून त्यांनी भांडी घासली, चिंचेचं, तुरटीचं ते पाणी पातेल्यात गोळा करून उचललं आणि थबकल्या.

"अगं बाई," मला म्हणाल्या, "मोरी इकडं आहे होय? मी इतके दिवस त्या कोपऱ्यात ओततेय की!"

कोपऱ्यात तडकलेली कुंडी होती.

मालक दारात उभे होते. त्यांनी कुंडीकडे पाहिलं, मग पातेल्याकडे, मग काकूंकडे. काकूंनी पाणी मोरीत ओतलं, अगदी बरोबर मधोमध, आणि त्या आत गेल्या. मालक किती तरी वेळ तिथेच होते. ज्या पाण्याचा अपहार करायला त्यांचं मन धजलं नाही, तेच सांडपाणी म्हणून रोज त्यांच्या फुलाला मिळत होतं, आणि ते ओतणारीला मोरी दिसत नव्हती म्हणून मिळत होतं.

मी जवळ जाऊन हळूच म्हटलं, "मालक, काकूंना सांगा ना, पाणी कुंडीतच ओतत जा म्हणून. दरवर्षी निळं येईल."

ते म्हणाले, "सूनबाई, तिला मोरी दिसते आहे." आणि थोड्या वेळानं पुन्हा तेच म्हणाले, स्वतःशीच. "तिला मोरी दिसते आहे."

कुणी काही सांगितलं नाही. वर्षभर पाणी मोरीत गेलं आणि तडकलेल्या कुंडीला मालकांनी इतर सहांबरोबर विहिरीचं पाणी सुरू केलं. माती चाखणं बंद झालं. काकूंच्या डोळ्यांतला निळेपणा केव्हाच गेला होता. धोतर त्यांना पांढरं दिसायचं आणि त्यावरचे डागही दिसायचे, त्याबद्दल मालकांना रोज ऐकून घ्यावं लागायचं.

ज्येष्ठात फूल आलं. पंचनामा ठरला. आमचे हे, किराणावाले, चाचा, सगळे मागच्या अंगणात जमले. चाचा सवयीनं उकिडवे बसायला लागले तर मालकांनी त्यांना हातानं थांबवलं. "यंदा साक्ष हिची," म्हणाले. आणि पंचांकडे न बघता बायकोकडे बघत, कोर्टात विचारतात तसं ताठ उभं राहून त्यांनी विचारलं, "फुलाचा रंग कोणता?"

काकू वाकल्या. चष्मा नाकावर सरकवला. "गुलाबी," म्हणाल्या, आणि नवऱ्याला वाईट वाटेल म्हणून आवाज जरा खाली आणला.

"पुन्हा सांग."

"गुलाबी हो."

"पुन्हा."

"गुलाबी! ठार गुलाबी! किती वेळा सांगू?"

"तीनदा," मालक म्हणाले. त्यांनी कोटाचं वरचं बटण काढलं, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच पंचनाम्यानंतर ते पोटभर जेवले.